पर्यायपंत

पर्यायपंतांच्या घरी जेवायला जायचं तर पोट रिकामं असून भागत नाही, कानही रिकामे लागतात. पानात पदार्थ पडायच्या आधी त्याचं कुळ, गोत्र आणि प्रवासवर्णन ऐकावं लागतं. मग प्रश्न येतो, ‘‘सांगा बरं, ही वडी कशाची?’’ तुम्ही ‘‘अळूची’’ म्हणालात तर पंतांचा चेहरा उजळतो, कारण ती अळूची नसते, मांगोल्ड नावाच्या जर्मन पालेभाजीची असते. ‘‘मांगोल्डची’’ म्हणालात तर चेहरा पडतो. ओळखू आली म्हणजे फसली. या घरात पदार्थाचं यश पाहुणा किती ठार चुकतो यावर ठरतं. त्यामुळे आम्ही जाणती मंडळी ठरवून चुकतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो.

पंत मूळचे चिंचवडचे. तिथल्या बेअरिंगच्या कारखान्यातून ते श्वाइनफुर्टला आले आणि इथलेच झाले. श्वाइनफुर्ट म्हणजे जर्मनीतल्या बायर्न राज्याच्या उत्तर भागात, माइन नदीच्या काठी वसलेलं पन्नासेक हजार वस्तीचं गाव. बाहेरच्या माणसाला ते नकाशात शोधावं लागतं, पण बेअरिंगवाल्यांची ती पंढरी. याच गावात 1883 साली फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र बनवलं. अशा गावात राहणाऱ्या इंजिनिअरचे रव्याचे लाडू ओबडधोबड असणं शक्यच नव्हतं. दिवाळीत एकदा पंत लाडवाला व्हर्निअर कॅलिपर लावताना दिसले. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर ते जराही ओशाळले नाहीत. ‘‘टॉलरन्समध्ये आहे,’’ एवढंच म्हणाले. हा त्यांचा सर्वोच्च अभिप्राय. लाडवाला तोच आणि मराठी मंडळाच्या नाट्यप्रयोगालाही तोच.

चिंचवडला असताना या गृहस्थांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. डब्यात काय आहे हे त्यांना झाकण उघडल्यावर कळायचं आणि झाकण लावेपर्यंत ते विसरायचे. वहिनी सांगतात, लग्नानंतर पहिली काही वर्षं घरात मीठ कुठे असतं हेही यांना ठाऊक नव्हतं. विमान फ्रँकफर्टला उतरलं आणि या माणसाच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गोडा मसाला संपला, आणि नवा मागवण्याऐवजी पंतांनी तो ‘मुळापासून’ करायचं ठरवलं. दगडफूल काही मिळेना. कोणी तरी सांगितलं की दगडफूल म्हणजे झाडाखडकांवर वाढणारं एक शेवाळासारखं प्रकरण, शास्त्रीय भाषेत लायकेन. झालं, पुढच्या रविवारी पंत माइनच्या काठाने सफरचंदांच्या झाडांची साल भिंगातून बघत हिंडत होते. वहिनींनी तो बेत हाणून पाडला. ‘‘मसाला मी आईकडून मागवते, तुम्ही झाडावरून उतरा,’’ हे वाक्य त्या घरात अजून म्हणीसारखं वापरतात.

हा नमुना फक्त श्वाइनफुर्टला आहे असं नाही. परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळात तो एक तरी सापडतोच. त्याची ओळखीची खूण अशी की तो ‘मिळत नाही’ हे शब्द तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, अभिमानाने म्हणतो. एरवी तुमच्या-आमच्यासारख्यांना आता अडचण अशी उरलेलीच नाही. जर्मनीत बसून मोबाइलवर चार बोटं फिरवली की तूरडाळ, पोहे, काळे वाटाणे, लोणच्याची बरणी, सगळं दोन-चार दिवसांत दारात येतं. आम्ही निर्लज्जपणे मागवतो आणि खातो. पंतांना ते पटत नाही. ‘‘मागवून कोणीही करेल,’’ ते म्हणतात. ‘‘शेताला, हवेला, बाजाराला विचारून करा.’’ शेताला विचारायला ते खरोखर जातात. गावाबाहेर भाजीवाल्यांची गोख्सहाइम, झेनफेल्ड अशी खेडी आहेत. तिथल्या शेतकऱ्यांना पंतांची सायकल लांबून ओळखू येते.

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना पंत स्वतःहून दीक्षा देतात. पहिला धडा जिऱ्याचा. दुकानातल्या मसाल्याच्या फळीवर ‘क्युमेल’ लिहिलेली बरणी दिसते, आतले दाणे थेट जिऱ्यासारखे, नवखा माणूस आनंदाने उचलतो आणि रात्री वरणाला फोडणी देतो. मग ते वरण तो फोनवर आईला वर्णन करून सांगतो आणि दोघंही गप्प होतात. क्युमेल कोबीवर आणि डुकराच्या भाजलेल्या मांसावर घालायचा मसाला. आपलं जिरं म्हणजे ‘क्रॉइत्सक्युमेल’, ते शेजारच्याच बरणीत असतं. दुसरा धडा पिठाचा. मैदा आणि कणीक या दोनच जाती मानणाऱ्या आपल्या माणसाला इथे पाकिटांवर 405, 550, 1050 असे आकडे दिसतात. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर मागे खनिजांची राख किती मिलिग्रॅम उरते, त्यावरून हा आकडा ठरतो. आकडा मोठा तेवढा कोंडा जास्त. पीठ जाळून त्याची प्रतवारी करणाऱ्या देशाबद्दल पंतांना पहिल्या दिवसापासून आदर वाटत आला आहे. पोळीसाठी 405 आणि 1050 यांचं त्यांचं एक प्रमाण आहे. ते प्रमाण ते कुणालाही सांगतात, न विचारता सांगतात, आणि पोळी खरंच मऊ होते.

तिसरा धडा फार सखोल आहे, तो पावाचा. जर्मनीत पावांची अधिकृत नोंदवही आहे आणि तीत 3000 हून जास्त प्रकार आहेत. 2014 साली जर्मन पावसंस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. ‘‘तीन हजार पाव!’’ पंत इथे आवाज खाली आणतात. ‘‘आणि त्यात एकही वडापावाचा नाही.’’ इथला पाव एक तर दगडासारखा अभिमानी, नाही तर दुधासाखरेने लाडावलेला. मिसळीला आणि वड्याला लागणारा, स्वतःची काही मतं नसलेला पाव या देशाने बनवलाच नाही. म्हणून तो पंत घरी बनवतात. शनिवारी पीठ भिजतं आणि रविवारी मिसळ होते. खरं सांगायचं तर ती उत्तम होते. मोड आलेली मटकी नसली तरी इथली बारकी तपकिरी मसूर मोडाला चांगली येते. फक्त हिवाळ्यात त्या घरातल्या हीटरवर मसुरीची पुरचुंडी बसलेली असते आणि घरच्या कुणालाही त्यावर मोजे वाळवायची परवानगी नसते.

हे सगळं पंतांनी एका एक्सेलच्या तक्त्यात नोंदवलं आहे. तक्त्याचं नाव ‘पर्यायकोश’. त्यात मूळ पदार्थ, स्थानिक पर्याय, साम्य टक्क्यांत आणि शेरा असे रकाने. कैरीसमोर हिरव्या श्टाखेलबेअर, म्हणजे गूसबेरी, नाही तर आंबट हिरवं सफरचंद, साम्य 70 टक्के, शेरा ‘कोय नसल्याने चोखण्याचा आनंद शून्य’. पंढरपुरी डाळ्यासमोर तुर्की दुकानातली लेब्लेबी, साम्य 95 टक्के, शेरा ‘तुर्कांना चिवडा माहीत नाही हे आपलं भाग्य’. साजूक तुपासमोर डबाबंद बुटरश्माल्त्स, शेरा ‘तूप आहे, पण कढवताना घरभर सुटणाऱ्या वासाचे पैसे वसूल होत नाहीत’. खसखशीसमोर निळी जर्मन खसखस. तिचे अनारसे इतके गडद होतात की पहिल्यांदा बघणारा ते करपले असं समजून सांत्वन करतो. वरीच्या तांदळासमोर हिर्झं. एकदा फाइल चुकून सगळ्या घराला लिहिता येईल अशी उघडी राहिली. तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात वहिनींच्या नोंदी सुरू झाल्या. वहिनींचा शेरा बहुतेक ठिकाणी एकच असतो: ‘नको’.

चक्क्याच्या ओळीत मात्र वहिनींनी काही लिहिलेलं नाही. तिथे साम्याचा आकडा 110 टक्के आहे आणि तो बरोबर आहे. जर्मनांचा क्वार्क म्हणजे देवाने मराठी माणसासाठी चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला चक्का. डब्यावर 40 टक्के स्निग्धांश लिहिलेला घ्यायचा. ते 40 टक्के पाणी वजा करून उरलेल्या भागाचे असतात, प्रत्यक्षात शंभर ग्रॅमला अकराच्या आसपास भरतात, हेही पंत सांगतात. तो पंच्यात बांधून रात्रभर टांगायचा. पंतांच्या घरी ही जागा न्हाणीघरात, शॉवरच्या दांडीवर आहे. गणपतीच्या किंवा पाडव्याच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याला सकाळी अंघोळीला शिरताच समोर लोंबणारं, ठिबकणारं एक पांढरं गाठोडं दिसतं. एकदा एक जर्मन सहकारी दारातूनच परतला आणि अंघोळ न करता ऑफिसला गेला. पण श्रीखंड असं होतं की मी ते पुण्यातही खाल्लेलं नाही. पंतांसमोर हे बोललो नाही. बोललो असतो तर रात्री झोपायला मिळालं नसतं.

यश मिळालं की माणूस थांबत नाही. साबुदाण्याच्या बाबतीत असंच झालं. दुकानात ‘झागो’ नावाचे पांढरे मोती मिळतात. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ते बटाट्याच्या स्टार्चचे आहेत. पंतांना आनंदच झाला. बटाटा उपासाला चालतो, तेव्हा धर्मशास्त्राची हरकत नव्हती. हरकत पदार्थविज्ञानाची निघाली. रात्री भिजवलेला झागो सकाळी कढईत पडला आणि त्याने मोत्यांचं रूप टाकून थेट पारदर्शक लगद्याचं रूप घेतलं. त्यात दाण्याचं कूट आणि मिरच्या तरंगत होत्या. त्या दिवशी घरातल्यांचा उपास खराखुरा, कडकडीत घडला. दाणे मात्र फुकट गेले नाहीत अशी पंतांची समजूत, कारण ते डिसेंबरच्या बाजारात संत्र्यांशेजारी मिळणाऱ्या सालासकट भुईमुगाच्या शेंगांचे होते, आणि घरच्या सगळ्यांनी मिळून ते रात्री दीड वाजेपर्यंत सोलले होते.

सोलणं ही त्या घराची मुख्य करमणूक. एका होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ न मागवता पंतांनी डबाबंद काबुली चणे घेतले. एकेका चण्याचं साल दोन बोटांत धरून सोडवायचं. मुलगी, वहिनी, पंत आणि जेवायला म्हणून आलेले आम्ही असे सगळे मोठ्या परातीभोवती बसलो. त्या वेळी चिंचवडहून पंतांच्या आईंचा व्हिडिओ कॉल आला. परातीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘अरे, मी तर पुरणपोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या. गरम होत्या. तुमच्याकडे केंद्र नाही का?’’ पंतांनी नेट गेल्याचं कारण सांगून फोन ठेवला.

बाजारात पंतांचं वागणं पाहण्यासारखं असतं. जर्मन गिऱ्हाईक कोलराबी, म्हणजे आपला नवलकोल, घेतं आणि त्याची पानं तिथेच मोडून शेजारच्या खोक्यात टाकतं. खोकं पानांनी भरलं की ससे पाळणारे लोक ती पानं फुकट घेऊन जातात. त्या पानांची परतून भाजी फार छान होते हे पंतांना कळलं तेव्हापासून सशांचे हाल सुरू झाले. दर शनिवारी पिशवी भरून पानं घेऊन हा माणूस काउंटरवर उभा. गल्ल्यावरच्या बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं, ‘‘तुमच्याकडे ससे किती?’’ पंत प्रामाणिक माणूस. क्षणभर हिशेब करून ते म्हणाले, ‘‘तीन. एक शाळेत जातो.’’ बाई पुढचं काही बोलल्या नाहीत.

खालच्या मजल्यावर एक जर्मन आजीबाई राहतात. शहराच्या कडेला त्यांचा छोटा भाड्याचा बागेचा तुकडा आहे, आणि पंतांचं व त्यांचं नातं त्या तुकड्यामुळे जडलं. एप्रिल-मे महिन्यात रुबार्बचे गुलाबी दांडे येतात. चवीला कैरीहून आंबट. पंतांनी त्याचं पन्हं केलं, वेलची घातली, आजीबाईंना नेऊन दिलं. आजीबाईंनी पेला रिकामा केला आणि रुबार्बवर आयुष्यभर केक सोडून दुसरा काही विचार आपण केला नाही याचं त्यांना वाईट वाटलं. 24 जूनला सेंट जॉनचा दिवस असतो, त्यानंतर इथे रुबार्ब तोडायचा नाही अशी रीत आहे. पंत ही तारीख चतुर्थीइतकी पाळतात. पण त्यांची नजर दांड्यावरून पानावर गेली. रुबार्बची पानं भलीमोठी असतात, हिरवीगार, शिरांची, दुरून पाहिलं तर अळूच. पंतांनी दहा-बारा पानं उलटी करून पिठाचा लेप लावायला घेतलासुद्धा होता. आजीबाई जिना चढून धापा टाकत वर आल्या. ‘‘विष! विष!’’ एवढंच त्यांना बोलता येत होतं. रुबार्बच्या पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ती खाल्ली तर दवाखाना गाठावा लागतो. पंतांचं उत्तर तयार होतं. ‘‘ऑक्झॅलेट अळूतही असतंच की. म्हणून तर घसा खाजतो. चिंच घातली की झालं!’’ आजीबाईंना चिंच माहीत नव्हती, पण पंत माहीत होते. त्यांनी पानांची चळत पिठासकट उचलली आणि खाली नेऊन कंपोस्टमध्ये टाकली. त्या संध्याकाळी वहिनींनी त्यांना अर्धा किलो श्रीखंड पाठवलं.

या अळूचा एक इतिहासही पंत सांगतात आणि तो खरा आहे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या हापूससकट सगळ्या आंब्यांवर बंदी घातली, कारण पेट्यांत किडी सापडल्या होत्या. आंब्यासाठी सगळीकडे आरडाओरड झाली, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत त्याची बंदी उठवायचं ठरलं. त्याच बंदीत चार भाज्याही होत्या: वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचं पंतांना आठवत नाही. ‘‘कारल्यासाठी कोण रडणार?’’ ते म्हणतात. ‘‘पण अळूसाठी एका तरी माणसाने निवेदन द्यायला हवं होतं.’’ पुढे 14 डिसेंबर 2019 पासून प्रवाशाच्या सामानातल्या जवळजवळ सगळ्या पानाफळांना प्रमाणपत्राची अट आली. कढीपत्त्याची जुडीसुद्धा त्यात आली. अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन एवढीच पाच फळं सुटली. नारळ सुटला हे वाचून पंतांनी युरोपियन युनियनला मनोमन माफ केलं. घोटाळा असा की सुकं खोबरं विमानवाल्यांच्या लेखी आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडतं, त्यामुळे खोबऱ्याची वाटी विमानाला चालत नाही आणि ओला नारळ चालतो. पंतांनी पुढच्या खेपेस बॅगेत नारळ भरून आणले. जर्मन कस्टमवाल्याने ते हातात घेऊन हलवले, आत पाणी वाजलं, आणि हे कशासाठी असं त्याने विचारलं. पुढचा सविस्तर खुलासा ऐकून त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं आणि पंतांना जाऊ दिलं.

घरात फोडणी पडते तेव्हा शेजाऱ्यांना तिचा वास येतोच, शिवाय बोर्डिंगच्या घंटेसारखा आवाजही ऐकू येतो. बायर्नमधल्या सगळ्या घरांना 2017 अखेर धुराचे अलार्म लावणं सक्तीचं झालं. स्वयंपाकघरात ते नसतात, बाहेरच्या बोळात असतात, आणि मोहरी-मिरचीचा धूर बोळातच जमतो. म्हणून फोडणीच्या वेळी मुलगी टॉवेल घेऊन अलार्मखाली उभी राहते. रविवारी शेजाऱ्यांच्या शांततेसाठी मिक्सर लावत नाहीत. त्याऐवजी पंत दगडी खलबत्त्यात चटणी कुटतात. मिक्सर बरा होता असं आजीबाईंनी एकदा सौम्यपणे सुचवलं.

आता गणपतीतलं प्रकरण. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा गणपती एका भाड्याच्या सभागृहात बसतो. उकडीचे मोदक पंतांकडे होते. थाई दुकानात तांदळाची पिठं मिळतात. त्यातल्या एका नेहमीच्या ब्रँडचं लाल अक्षरांतलं पाकीट साध्या तांदळाचं, हिरव्या अक्षरांतलं चिकट तांदळाचं. हा फरक पंतांनी आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ करवला होता. पण त्या आठवड्यात लाल पाकीट संपलेलं. माणूस जातीचा पर्यायवाला. हिरवं घेऊन आला. मोदक कळ्यांसकट देखणे वळले गेले, कळ्याही अगदी टॉलरन्समध्ये होत्या. वाफ बसली. झाकण उघडलं तेव्हा एकवीस मोदकांचा एकच मोदक झाला होता. त्याला एकवीस नाकं होती. आरती खोळंबली. पंत शांत होते. ‘‘गणपतीला संघटन आवडतं,’’ ते म्हणाले.

त्या वेळी मंडळातल्या सर्वांत जुन्या काकू उठल्या. फ्रीजमधून गोठवलेल्या मोदकांचं विकतचं पाकीट काढून वाफेवर ठेवलं. दहा मिनिटांत नैवेद्य झाला. या काकू 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आल्या. तुर्कस्तानशी झालेल्या 1961 च्या कामगार-करारानंतर तुर्की कामगारांची कुटुंबं येऊन मोठ्या शहरांत दुकानं थाटू लागली होती, पण काकू होत्या त्या खेड्यात तीही नव्हती. त्यांनी खरी वर्षं काढलेली. डाळ म्हणून वाळलेले पिवळे वाटाणे, पोळीला मिळेल ते पीठ, आणि ते क्युमेलचं जिरं काकूंनी सलग वर्षभर वापरलं, कारण जर्मनीतलं जिरं असंच असतं असं त्यांना वाटलं. आता त्यांच्या फ्रीजमध्ये खवलेला गोठवलेला नारळ, तयार पराठे आणि विकतच्या आलं-लसणाची बाटली असते. काकूंना त्याची यत्किंचितही लाज नाही.

पंत त्यांच्याजवळ जाऊन बसले. ‘‘काकू, तेव्हा कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती?’’

‘‘नव्हती.’’

‘‘हिरवी मिरची?’’

‘‘कसली मिरची! मी महिनाभर रडले होते.’’

पंतांचा आवाज कातर झाला. ‘‘काय भाग्यवान तुम्ही!’’

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पंतांनी लगेच दोन विकतचे मोदक खाल्ले आणि छान आहेत म्हणून सांगितलं.

माझ्या मते सगळं मर्म त्या ‘भाग्यवान’मध्ये आहे. पंतांना गोडा मसाला नको आहे, त्यांना गोडा मसाला नसणं हवं आहे. नसण्यातूनच त्यांना एक दिवस, एक काम आणि सांगण्यासारखी एक गोष्ट मिळते. कारखान्यात त्यांचे आराखडे तिघांच्या सह्यांतून जातात आणि चौथा त्यांत बदल करतो. मिसळीत कोणी बदल करत नाही. वाद झालाच तर पंत मिरची-बटाट्याचा दाखला काढतात, की हीसुद्धा परदेशातून आलेली, तेव्हा परंपरा म्हणजे जुना झालेला पर्याय. हे बोलताना ते इतके प्रसन्न दिसतात की विरोध करवत नाही. आणि मुलगी गेल्या सुट्टीत चिंचवडला गेली, आजीने शेजारणीकडून ताज्या अळूच्या वड्या आणवल्या, तर कार्टी एक घास खाऊन म्हणाली, ‘‘आजी, ही मांगोल्डसारखी लागत नाही.’’ आजीला वाईट वाटलं. पंतांनी तो प्रसंग तक्त्यात मांगोल्डच्या ओळीत लिहून ठेवला आहे, तारखेसह.

अशा माणसावर घाला आला तो स्टेशनजवळ भारतीय किराण्याचं दुकान उघडल्यावर. आम्ही पहिल्या दिवशी रांग लावली. पंत फिरकले नाहीत. कोणी त्यांना ताज्या कढीपत्त्याबद्दल सांगितलं तर ते विषय बदलत. नंतर एका संध्याकाळी ते गेले, खरेदीला नव्हे, तपासणीला. दुकानदार पंजाबी, हसतमुख. पंतांनी विचारलं, दगडफूल आहे? होतं. नागकेशर? होतं. साबुदाणा, भाजणी, वरी? सगळं ओळीत. पंत फळ्यांसमोरून हळूहळू चालत होते. शेवटी अगदी मरगळून विचारलं, ‘‘कोकम?’’ दुकानदार गोंधळला. ‘‘ये क्या होता है, सर?’’

पंत जवळजवळ पळतच घरी आले. ‘‘कोकम नाहीये!’’ त्यांनी दारातूनच जाहीर केलं. इराणी लोक भातात घालतात ती सुकी आंबट झेरेश्क भिजत पडली, तुर्की सुमाकची पूड आली, आजीबाईंच्या आंबट चेरी उन्हात वाळल्या. पुढे दोन आठवडे त्या घरात रोज वेगवेगळ्या लाल रंगाची सोलकढी होती. सगळ्यांत जवळची होती ती बीटरूटची. रंगाने तरी. मी ती प्यायलो आणि ठरवून चुकलो.

आणि मग दुकानदाराचा फोन आला. बिचारा भला माणूस. त्याने खास मुंबईहून मागवलं होतं. ‘‘सर, आपका कोकम आ गया!’’ पंतांनी अर्धा किलो घेतलं, पैसे दिले, घरी आणून फळीवर ठेवलं आणि सोफ्यावर बसून राहिले. वहिनींनी ते कोकम भिजवलं, नारळाचं दूध काढलं, आणि त्या रात्री त्यांच्या घरी कोणतंही प्रवासवर्णन न ऐकता सोलकढी प्यायला मिळाली. फार अप्रतिम होती. पंत काही बोलले नाहीत.

त्यानंतर महिनाभराने त्यांनी बदलीसाठी अर्ज केला. स्वीडनच्या उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, किरूना नावाचं लोखंडाच्या खाणीचं गाव आहे, तिथल्या यंत्रांच्या देखभालीच्या कामासाठी. आम्ही निरोप द्यायला म्हणून गेलो तेव्हा पंत टवटवीत होते, नवरदेवासारखे इकडून तिकडे करत होते. ‘‘तिथे काय मिळतं?’’ मी विचारलं.

‘‘काहीच नाही!’’ ते म्हणाले.

वहिनी पोह्यांवर खोबरं घालत होत्या. ‘‘डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्यच उगवत नाही म्हणे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांडगे-पापड वाळवणार कुठे?’’

पंत थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर ते आजीबाईंची रुबार्बची पानं पाहिल्यावर आलेलं तेज पसरलं. लॅपटॉप उघडून त्यांनी पर्यायकोशात नवी ओळ घातली आणि ‘मूळ पदार्थ’ या रकान्यात लिहिलं: ऊन. शेरा लिहायला गेले तर तिथे ‘नको’ आधीच उमटलेलं होतं. वहिनी फोनवरून तीच फाइल उघडून बसल्या होत्या.